कोर्स व्हॉट्सॲपवर घ्यायचाय, पण ग्रुप काढू, चॅनेल काढू की अजून काही?

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. ती विणकाम शिकवते. म्हणाली, अगं मला आता ऑनलाइन कोर्स काढायचाय, वेबसाइट बिबसाइट आत्ता परवडत नाही, लोक तसेही दिवसभर व्हॉट्सॲपवरच असतात तर तिथेच घेते, फक्त एवढं सांग, ग्रुप काढू का चॅनेल? मी वीसेक मिनिटं बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहिलंच. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतेय. मी स्वतः मोडी लिपी शिकवते, गेली काही वर्षं मेसेजिंग ॲपवरच, त्यामुळे उदाहरणं मोडीचीच येतील, पण विणकाम असो, स्पोकन इंग्लिश असो नाहीतर ज्ञानेश्वरी, अडचणी फिरून त्याच येतात.

माझी पहिली बॅच म्हणजे एक मोठा व्हॉट्सॲप ग्रुप होता. १८० माणसं. मला तेव्हा वाटलं की वा, एवढे लोक मोडी शिकणार! तिसऱ्या दिवशी रात्री पावणेअकराला नाशिकच्या एका आजोबांनी वहीचं पान पाठवलं, रेघांच्या वहीवर शाईच्या पेनाने काढलेली क ची बाराखडी, खूप मनापासून काढलेली. त्यावर आठ जणांचे अंगठे आले, मग कोणीतरी विचारलं पीडीएफ मिळेल का, मग कोणी विचारलं कोणती पीडीएफ, मग सकाळ झाली आणि सुप्रभातची फुलं सुरू झाली. मी सकाळी साडेसातला ग्रुप उघडला तेव्हा ९४ मेसेज न वाचलेले होते आणि आजोबांची बाराखडी कुठेतरी वर गेलेली. मला ती दिसलीच नाही. चार दिवसांनी त्यांचा वेगळा मेसेज आला, मॅडम, माझा गृहपाठ चुकला आहे का, आपण काही बोलला नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांची बाराखडी चांगली होती, एकाच जागी चूक होती आणि ती वेळेवर सांगितली असती तर पुढचे चार दिवस त्यांनी तीच चूक गिरवली नसती.

तेव्हापासून कोणीही विचारलं की ग्रुप का चॅनेल, तर मी आधी उलटा प्रश्न विचारते, तुझ्या कोर्समध्ये कोण कोणाशी बोलणार आहे? फक्त तू बोलणार आणि बाकीचे ऐकणार? की विद्यार्थी तुला काहीतरी दाखवणार आणि तू ते तपासणार? की विद्यार्थी आपापसातही बोलणार? याचं उत्तर पक्कं झालं की ॲपमधली कोणती सोय वापरायची ते जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी एकमार्गी प्रकार बघू, म्हणजे आपण पाठवायचं आणि त्यांनी वाचायचं. व्हॉट्सॲपवर यासाठी जुनी सोय म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट. एका लिस्टमध्ये २५६ जण घालता येतात, मेसेज एकदाच टाइप करायचा आणि तो प्रत्येकाला स्वतंत्र, जणू फक्त त्यालाच पाठवल्यासारखा जातो. समोरच्याला बाकी कोणाला गेलाय ते कळत नाही, नंबर दिसत नाहीत, आणि त्याने उत्तर दिलं तर ते फक्त आपल्याला येतं. ऐकायला अगदी आदर्श वाटतं ना? पण यात एक खाच आहे जी लोकांना माहितीच नसते: ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. माझ्या एका बॅचमध्ये ४० पैकी ११ जणांना पहिले दोन धडे मिळाले नाहीत, त्यांना वाटलं क्लास सुरूच झाला नाही, आणि त्यातल्या एका बाईंनी तर फी परत मागितली, बरोबरच होतं त्यांचं. आता मी काय करते, तर फी आली की आधी सांगते माझा नंबर 'मोडी वर्ग' नावाने सेव्ह करा आणि मला 'झालं' असा मेसेज करा. 'झालं' आलं की मगच नाव लिस्टमध्ये.

दुसरा एकमार्गी प्रकार म्हणजे चॅनेल. व्हॉट्सॲपचं चॅनेल आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. टेलिग्राम या व्हॉट्सॲपसारख्याच दुसऱ्या ॲपवर ते २०१५ पासून आहे. दोन्हीकडे कल्पना एकच, आपण फलकावर लिहायचं आणि ज्याला हवं त्याने येऊन वाचायचं, फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण कोर्सच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक आहे. व्हॉट्सॲपच्या चॅनेलवरचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवला जातो, म्हणजे दोन महिन्यांनी जो येईल त्याला पहिला धडा मिळेल याची खात्री नाही. टेलिग्रामच्या चॅनेलवर पहिल्या दिवसापासूनचं सगळं जसंच्या तसं राहतं, आज आलेला माणूससुद्धा वर सरकत जाऊन धडा १ पासून सुरू करू शकतो. म्हणून व्हॉट्सॲप चॅनेल मला जाहिरातीसाठी, रोज एक शब्द, रोज एक अक्षर अशा फुकट गोष्टींसाठी छान वाटतं, पण ज्याची फी घेतलीय असा कोर्स मी तिथे ठेवणार नाही, शिवाय लिंक हाती लागली की कोणीही येऊन फॉलो करू शकतं. टेलिग्रामचं चॅनेल मात्र पुस्तकाच्या कपाटासारखं वापरता येतं, ते प्रायव्हेट ठेवता येतं, आत यायची विनंती आली की आपण नाव बघून होकार देऊ शकतो.

एकमार्गी प्रकार कोणत्या कोर्सला चालतो? जिथे विद्यार्थ्याला काही करून दाखवायचं नाही तिथे. आयकर कसा भरायचा, बाळाला सहाव्या महिन्यानंतर काय द्यायचं, रोजचा एक अभंग आणि त्याचा अर्थ. तिथे माणसाने वाचलं, समजलं, संपलं. मोडीला ते चालत नाही, आणि विणकामालाही चालणार नाही, कारण हात चुकतो तो फक्त दुसऱ्यालाच दिसतो.

आता दुमार्गी, म्हणजे ग्रुप. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात, पूर्वी २५६ मावायची. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत. पण मावतात म्हणून भरायची नसतात, हे मी १८० जणांच्या ग्रुपमध्ये शिकले. माझ्या अनुभवाने गृहपाठ तपासायचा असेल तर एका ग्रुपमध्ये १५ ते २० च्या वर माणसं नकोत. याचा हिशोब सरळ आहे: एक पान नीट तपासून, चुकीवर लाल गोल करून परत पाठवायला मला तीन मिनिटं लागतात, २० जणांना एक तास, आणि रोज एक तास मी देऊ शकते, दोन तास देऊ शकत नाही. तुम्हीही ग्रुप काढायच्या आधी हे गणित कागदावर मांडा, एका माणसाला किती मिनिटं लागतात आणि तुमच्याकडे दिवसाला किती आहेत. ॲपची मर्यादा १०२४ असली तरी तुमची २० असू शकते, आणि कोर्सला तुमचीच लागू होते.

ग्रुपबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही बायकांच्या बॅचमध्ये फार जपावी लागते. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. माझ्या एका बॅचमधल्या कॉलेजच्या मुलीला ग्रुपमधल्याच एका गृहस्थाचे रात्री अपरात्री वेगळे मेसेज यायला लागले, तिने महिनाभर मला सांगितलं नाही, गुपचूप ग्रुप सोडला, आणि मला वाटत राहिलं की तिला मोडी अवघड गेली. तेव्हापासून मी फॉर्मवरच लिहिते की ग्रुपमध्ये तुमचा नंबर इतरांना दिसेल, नको असेल तर सांगा, वेगळी सोय करू. वेगळी सोय म्हणजे एकतर ब्रॉडकास्ट किंवा टेलिग्राम, कारण टेलिग्रामवर सेटिंगमध्ये जाऊन नंबर लपवता येतो आणि फक्त युजरनेम दिसतं.

टेलिग्राम ग्रुपच्या अजून दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक म्हणजे नव्याने आलेल्याला जुनं सगळं बोलणं दिसेल असं ठेवता येतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर उशिरा आलेल्याला आधी झालेला सगळा कोर्स तसा मिळत नाही, मग तो विचारत बसतो की मॅडम आधीचं पाठवा ना. दुसरी म्हणजे टॉपिक, २०२२ च्या शेवटी आलेली सोय, एकाच ग्रुपमध्ये कप्पे करता येतात, 'आठवडा १', 'गृहपाठ', 'शंका', 'अवांतर' असे, त्यामुळे सुप्रभातची फुलं अवांतरमध्ये जातात आणि बाराखडी गृहपाठात सापडते. एवढं सगळं असूनही माझ्या निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये टेलिग्राम नाहीये आणि साठीच्या पुढच्या माणसाला नवीन ॲप घ्यायला लावणं म्हणजे कोर्सच्या आधी एक कोर्स. हा मुद्दा हलका समजू नका. उत्तम सोय असलेलं पण न उघडलं जाणारं ॲप काही कामाचं नाही.

इथे जरा वेगळीकडे जाते, पण याच विषयाचं आहे आणि मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला होता, शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून शिक्षणाचा, मराठीतून. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली जवळपास १५० गावं निवडली होती. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम लागायचा, असे एकूण २० कार्यक्रम. पण गंमत पुढेच आहे, गावात वीसेक जणांचा एक गट केलेला असायचा, ते सगळे एकत्र बसून ऐकायचे, आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर बोलायचे, आपल्या शेतात हे जमेल का, का नाही जमणार. त्यांच्या शंका केंद्राकडे जायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जायची. मग पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तपासणी केली, त्यात तीन प्रकारची गावं ताडून बघितली, गट असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. गट असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत मोठी वाढ दिसली, नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या मानाने खूप मागे राहिली.

मी हे वाचलं तेव्हा थांबून विचार केला. रेडिओ म्हणजे आपलं चॅनेलच की, एकजण बोलतो आणि हजारो ऐकतात. आणि गावातला गट म्हणजे वीस जणांचा ग्रुप. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच गावांत सिद्ध झालेली गोष्ट आहे की धडा एकमार्गी गेला तरी चालतो, पण त्याच्यामागे छोटा बोलणारा गट पाहिजे. माझा १८० जणांचा ग्रुप धड रेडिओही नव्हता आणि धड गटही नव्हता, दोन्ही एकाच खोलीत कोंबले होते.

म्हणून मग मी दोन्ही वेगळं केलं. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी म्हणून सोय आहे, तीही २०२२ ची. त्यात वर एक अनाउन्समेंट ग्रुप असतो जिथे फक्त ॲडमिन टाकू शकतात, आणि तिथे विद्यार्थ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. त्याखाली वेगवेगळे छोटे ग्रुप जोडता येतात. धडा वर जातो, सोमवार बुधवार शुक्रवार सकाळी सातला, आणि खाली 'गट १', 'गट २' असे १८-१८ जणांचे ग्रुप, तिथे गृहपाठ आणि शंका. खालच्या गटात मात्र नंबर दिसतात, हे लक्षात ठेवा, म्हणून गट पाडताना मी विचारूनच पाडते. प्रत्येक गटात मागच्या बॅचमधला एकजण मदतीला असतो, तो साध्या चुका सांगतो, अडलं की मला टॅग करतो.

आता सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करायचं की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा? हा प्रश्न लोक विसरतात आणि मग अडकतात. गट करायचा असेल तर सगळे एकत्र सुरू झाले पाहिजेत, नाहीतर एकजण बाराखडीवर आणि दुसरा पेशवेकाळातली पत्रं वाचतोय, काय बोलणार आपापसात. पण आज पैसे भरले आणि आजच धडा १ हवा असं असेल तर माणसाच्या हाताने ते होत नाही, त्याला बॉट लागतो. बॉट म्हणजे ॲपमधलं असं खातं ज्याच्यामागे माणूस नसून प्रोग्राम असतो. तुम्ही 'स्टार्ट' दाबलं की तो पहिला धडा देतो, उद्या त्याच वेळी दुसरा, प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं तर पुढे नेतो. टेलिग्रामवर बॉट २०१५ पासून आहेत आणि बनवायला पैसे पडत नाहीत, फक्त विद्यार्थ्याने स्वतः स्टार्ट दाबल्याशिवाय बॉट त्याला आपणहून मेसेज करू शकत नाही. व्हॉट्सॲपवर हेच करायचं तर कंपन्यांसाठीची वेगळी सेवा घ्यावी लागते, तिला पैसे लागतात, आणि विद्यार्थ्याचा शेवटचा मेसेज येऊन २४ तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मेसेज पाठवता येतो. एकट्या शिकवणाऱ्या माणसाने सुरुवातीलाच त्यात पडू नये असं मला वाटतं. आधी दोन-तीन बॅच हाताने चालवा, लोक कुठे अडतात ते कळू द्या, मग जे रोज रोज तेच सांगावं लागतं तेवढं बॉटला द्या. मी फक्त अक्षरओळख बॉटला दिलीय, चित्र दाखवतो आणि चार पर्याय देतो, ग आहे का न आहे, त्यात तो माझ्यापेक्षा शांत आहे. हाताचं वळण तो तपासू शकत नाही.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, धडा कोणत्या रूपात पाठवायचा. मजकूर, फोटो, व्हॉइस नोट, व्हिडिओ, पीडीएफ. इथे विषय जे मागतो ते द्यायचं. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर अक्षरं दाखवायच्या जगभरच्या पद्धतीत, २०१४ साली आली खरी, पण बहुतेकांच्या फोनवर मोडीचा कीबोर्ड नसतो आणि पाठवलं तर चौकोन चौकोन दिसतात, म्हणून माझ्याकडे प्रत्येक अक्षर म्हणजे फोटो. आता फोटोचा त्रास असा की तो शोधता येत नाही. महिन्याभराने कोणी विचारलं की मॅडम ज्ञ कुठे शिकवला होता, तर मीच वर वर सरकवत बसायचे. त्यावर उपाय सोपा निघाला, प्रत्येक फोटोखाली देवनागरीत ओळ लिहायची, 'धडा ९, ज्ञ, जोडाक्षरं', मग सर्चमध्ये ज्ञ टाकलं की सापडतो. विणकामवालीनेही हेच करावं, 'धडा ४, उलटा टाका' असं लिहून ठेवलं की झालं.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. घरातल्या आजीच्या फोटोला फरक पडत नाही पण जुन्या मोडी कागदावर शाई फिकी झालेली असते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, एक बारीक फाटा दिसला नाही की अक्षर बदलतं. असे कागद डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, मग ते जसेच्या तसे जातात, २ जीबीपर्यंतची फाइल चालते. नकाशे, भरतकामाचे ग्राफ, जमाखर्चाचे तक्ते, जिथे बारकावा आहे तिथे हेच करा.

व्हिडिओ कधी? याचं उत्तर मला एका विद्यार्थिनीमुळे मिळालं. ठाण्याच्या एका ताई, वही इतकी सुंदर की मी सगळ्यांना दाखवायचे, पण त्यांना वेग काही येईना, एक ओळ लिहायला पाच मिनिटं. मोडी तर वेगासाठीच वापरली जायची, आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता सरसर लिहीत जायचं. मी त्यांचे फोटो पुन्हा पुन्हा बघितले, अक्षरं बरोबर होती. शेवटी म्हटलं ताई, लिहितानाचा हात दाखवा, वीस सेकंदाचा व्हिडिओ काढा. तो आला आणि पहिल्या तीन सेकंदांत कळलं. त्या काना देवनागरीसारखा वरून खाली ओढत होत्या. मोडीत काना खालून वर जातो, अक्षर संपतं तिथून तसाच उचलून रेघेला भिडवायचा, म्हणून हात थांबत नाही. कागदावर दोन्ही काने सारखेच दिसतात. फोटोत रेघ दिसते, रेघेची दिशा दिसत नाही. मी दोन महिने त्यांची सुंदर पानं तपासत होते आणि चूक पानावर नव्हतीच, ती हातात होती. तेव्हापासून आठवड्यातून एक गृहपाठ व्हिडिओचाच असतो. माझेही धडे आता दीड मिनिटाचे, वरून धरलेला फोन, फक्त हात आणि कागद, चेहरा नाही, आणि बोलणं चालू. लांब व्हिडिओ लोक उद्या बघू म्हणून ठेवतात आणि तो उद्या येत नाही.

व्हॉइस नोटचं काम वेगळं आहे. शब्द कुठे तोडायचा ते मोडी वाचताना कानाला आधी कळतं, म्हणून पत्राचा फोटो आणि त्याखाली माझ्या आवाजात वाचन अशी जोडी मी देते. ज्यांना ओव्या, श्लोक, उच्चार शिकवायचेत त्यांनी तर व्हॉइस नोटवरच भर द्यावा, विद्यार्थी लोकलमध्ये, पोळ्या लाटताना ऐकतो आणि आपलं म्हणणंही रेकॉर्ड करून पाठवतो.

लाइव्ह क्लासबद्दल लोक विचारतात. मी पंधरा दिवसांतून एकदाच घेते, शंकांसाठी. माझ्याकडे न्यू जर्सीच्या तिघीजणी आहेत, आपले रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे थंडीत सकाळचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, म्हणून लाइव्ह रविवारीच ठेवते. बाकी सगळं मेसेजवर. मेसेजवरच्या कोर्सचा मोठा फायदाच हा आहे की कोणालाही एका वेळी हजर राहावं लागत नाही, तो फायदा रोज लाइव्ह ठेवून घालवू नका.

फॉरवर्ड होण्याची भीती सगळ्यांना असते. टेलिग्रामवर चॅनेल असं ठेवता येतं की फॉरवर्ड किंवा सेव्ह करता येत नाही, २०२१ पासून ती सोय आहे, पण दुसऱ्या फोनने शूट करणाऱ्याला कोण अडवणार. मी त्यावर जीव जाळणं सोडलंय. धडे गेले तर जाऊ देत, मोडी वाचणारा एक माणूस वाढला तर मला आनंदच आहे. लोक फी भरतात ती पान तपासून मिळण्यासाठी, आणि ते फॉरवर्ड होत नाही.

जपायचं ते वेगळंच. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरलेल्या दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जायची सोय, चालू नाही ना ते पहिल्या दिवशी बघा. माझ्या एका गटात कोणीतरी ते ७ दिवसांवर केलं होतं, दुसऱ्या आठवड्यात पहिले तीन धडे गायब. ग्रुपची सेटिंग फक्त ॲडमिनला बदलता येतील असं करून ठेवा. आणि सगळ्या धड्यांची मूळ प्रत स्वतःकडे ड्राइव्हवर ठेवा, कारण विद्यार्थी फोन बदलतात, बरेच दिवस डाउनलोड न केलेला व्हिडिओ नंतर उघडतच नाही, आणि मग तो पुन्हा मागितला जातोच. माझं टेलिग्राम चॅनेल त्यासाठीच आहे, ज्यांना जमतं ते तिथून घेतात, बाकीच्यांना मी पाठवते.

मैत्रिणीला मी शेवटी हे सांगितलं: पहिल्या बॅचला १५ जणी घे, एकच व्हॉट्सॲप ग्रुप, धडा टाकायच्या आधी अर्धा तास 'फक्त ॲडमिन' करून ठेव आणि धडा टाकून झाला की उघड. टाक्याचा व्हिडिओ दीड मिनिटाचा, सुया दाखवणारा. गृहपाठाला विणलेल्या तुकड्याचा फोटो चालेल पण आठवड्यातून एकदा हाताचा व्हिडिओ माग. चाळीस जणी झाल्या की मग कम्युनिटी काढ. टेलिग्रामचा आत्ता विचारच करू नको, तुझ्या बायकांकडे नाहीये.

आणि तिला माझा पहिल्या दिवशीचा मेसेज पाठवला, तोच इथे देते, हवा तसा बदलून वापरा:

'नमस्कार. हा आपला १८ जणांचा गट आहे. धडा सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ७ वाजता वरच्या ग्रुपमध्ये येईल. गृहपाठ इथेच टाकायचा, फोटोखाली आपलं नाव आणि धड्याचा नंबर लिहायचा. मी रोज रात्री ९ ते १० तपासते. तुमचं पान तपासलं की त्यावर लाल गोल करून परत पाठवीन, चूक नसेल तरी तसं लिहीन. दोन दिवसांत माझ्याकडून काहीच आलं नाही तर ते माझ्या नजरेतून सुटलंय असं समजा आणि बिनधास्त पुन्हा टाका.'